पाटावर कोण बसलं होतं

दर वैशाखात लालबागहून आमच्या घरी मसाल्याचा डबा येतो. बायको झाकण उघडते, मी शिंकतो, आणि त्या शिंकेबरोबर ती केस नाकातून थेट डोक्यात चढते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीला गेलेला रोडरोलर शोधून आणला. तो चोर अजून मला दिवाळीला फोन करतो. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण एका वकीलबाईने एका पाटाच्या जोरावर दादरचा अख्खा फ्लॅट ओढून आणला, ती केस मात्र मसाल्याइतकी ताजी आहे. नाव कोणाचंच सांगणार नाही. बाकी सगळं खरं आहे. निदान कोर्टात सिद्ध झालं तेवढं तरी.

परळ-लालबागच्या चाळी पडताहेत आणि टॉवर उठताहेत, हे सगळे पाहतातच. चाळ रिकामी करताना बिल्डर बाहेर राहण्याचं भाडं एकरकमी देतो. ज्या घराने जन्मभर महिनाअखेरच पाहिली, त्या घरात अचानक मोठा चेक येतो. अशा चेकचा वास घरच्यांना यायच्या आधी ठगाला येतो. आमचा ठग तिथल्याच एका चाळीत वाढलेला. सगळे त्याला 'भाऊ' म्हणत. मीही भाऊच म्हणतो. जिभेवर इतकी साखर, की त्याच्या परळच्या ऑफिसच्या दारात मुंग्यांची रांग असायची. पंचनाम्यात ती घ्यावी की नाही, यावर माझ्या हवालदारात आणि माझ्यात वाद झाला होता.

भाऊ म्हणायचा, "भाड्याचे पैसे माझ्याकडे ठेवा. दरमहा परतावा घ्या, त्यात खोलीचं भाडं भागवा. मुद्दल जागचं हलणार नाही." काही महिने परतावा बिनचूक आला. मग उशिरा आला. मग ऑफिसचं शटर खाली आलं.

पहिली फिर्याद डंकवाल्या काकूंची. लालबागला मसाले कुटणारा डंक असतो, त्यातला एक त्यांचा. नवरा गिरणीत होता. गिरणी गेली, पाठोपाठ नवरा गेला, डंक राहिला. काकू पोलीस ठाण्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पदराला बसलेल्या मिरचीच्या भुकटीने ठाणे अंमलदारापासून कोठडीतल्या आरोपीपर्यंत सगळे शिंकायला लागले. कोठडीतल्या एकाने तर त्या शिंकांत गुन्हा कबूल केला, पण तो दुसऱ्या केसमधला होता.

काकूंची गोष्ट सरळ होती. डंकाचा गाळा भाड्याचा. मालकाने तो विकायला काढला, पण आधी काकूंना विचारलं. काकूंनी विसार दिला. उरलेली रक्कम जमवून ठेवली होती, ती 'तेवढीच वाढेल' म्हणून भाऊकडे दिली. आता गाळा घ्यायला पैसे नाहीत, आणि गाळा गेला तर डंक रस्त्यावर ठेवता येत नाही.

"साहेब," काकू म्हणाल्या, "तेका फाशी देवा नायतर हार घाला. माझो गाळो तेवढो जावक नको."

"मालक काय म्हणतो?"

"मालक बरो माणूस. कोर्टाचो निकाल लागापर्यंत थांबतंय म्हणता. पण तेचो झील थांबाक तयार नाय. तेका थंय कॉफीचा दुकान काढूक गिऱ्हाईक गावलासा."

मालकाच्या मुलाला मसाल्याच्या गल्लीत कॉफी हवी होती. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि मनात ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही.

भाऊ सापडायला वेळ लागला नाही. चौकशीला समोर बसला तो असा, जणू मीच त्याच्याकडे कर्ज मागायला आलोय.

"साहेब, हवं ते तपासा. माझ्या नावावर सायकलसुद्धा नाही."

"आणि दादरच्या टॉवरमध्ये राहतोस, ते?"

"ते मेहुण्याचं घर. बहिणीसाठी आम्हाला ठेवून घेतलंय बिचाऱ्याने. घरजावई म्हणा हवं तर."

"मेहुण्याच्या घरी राहायला लाज नाही वाटत?"

"लाज कधीच विकली, साहेब. म्हटलं ना, माझ्याकडे काहीच शिल्लक नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने चहात साखर कमी असल्याची तक्रार केली. हे मी नव्या फौजदारांना नेहमी सांगायचो: माल हातचा गेला की आरोपीला चहा गोड की कडू ते कळत नाही. ज्याला साखर कमी लागते, त्याचा माल बाहेर सुखरूप असतो. भाऊचा हिशोब साधा होता. काही वर्षं आत काढायची, योगासनं करायची, बाहेर येऊन दादरच्या गॅलरीत बसायचं.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. फौजदारी खटला एका रुळावर चालतो. त्यात आरोपीला शिक्षा होते. गुन्ह्याच्या पैशातून घेतलेली मालमत्ता परत मिळवायची, ते दुसऱ्या रुळावर. ठेवीदारांसाठी जो कायदा आहे, त्याखाली सरकार मालमत्तेवर टाच आणतं, मग विशेष न्यायालयात अर्ज जातो. ज्याला वाटतं 'हे माझं आहे', तो हरकत घेतो, दोन्ही बाजू पुरावा देतात, आणि टाच कायम झाली तर लिलाव होऊन पैसे ठेवीदारांत वाटले जातात. ऐकायला सोपं आहे. रेल्वेचा नकाशाही दिसायला सोपाच असतो.

मेहुण्याने हरकत घेतली. मेहुणा म्हणजे कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून. दादरच्या टॉवरचा त्याच्या पगाराशी संबंध एवढाच, की गोदामाच्या गच्चीवरून तो टॉवर दिसत असावा. पण कागद चोख होते. खरेदीखत त्याच्या नावावर, पैसे नातेवाइकांकडून उसने घेतलेले, आणि ते नातेवाईक शपथेवर सांगायला तयार. भाऊच्या ऑफिसातून निघालेली रोकड दहा हातांत फिरून दिसेनाशी होत होती. संशय डोंगराएवढा, पण संशयावर घर विकता येत नाही. वर मेहुण्याने वकील केला होता तो असा ज्येष्ठ, की त्यांच्या काळ्या कोटावर बसण्याआधी माशी तारीख मागून घ्यायची.

आमच्या बाजूला वकीलबाई. नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये वाढलेली मुलगी. तिचे वडील हवालदार होते. मी नवा असताना पंचनामा कसा लिहायचा ते त्यांनी शिकवलेलं. कोर्टात ती मला 'तपास अधिकारी' म्हणायची आणि मी तिला 'मॅडम'. कोर्टाच्या पायऱ्या उतरल्या की मी 'काका' आणि ती 'तू'. आवाज इतका हळू, की ती उभी राहिली की न्यायालयातले पंखे आपण होऊन मंद व्हायचे. लोक कान देऊन ऐकत आणि तिथेच फसत.

ती म्हणाली, "काका, मला घर बघायचंय."

"फोटो आहेत, नकाशा आहे."

"फोटोत घर दिसतं. माणसं दिसत नाहीत."

मालमत्तेच्या पाहणीसाठी पंच घेऊन आम्ही गेलो. दारावर मेहुण्याच्या नावाची पितळी पाटी, नवीकोरी. मेहुणा घर दाखवत होता, पण दिव्याचं बटण शोधताना पंखा लावत होता. एवढं मलाही दिसलं. वकीलबाई मात्र स्वयंपाकघरात गेली आणि आग्नेय कोपऱ्यात खाली बसली. तिथल्या एका फरशीच्या कडेचं सिमेंट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं होतं.

"वास्तुशांत इथेच केली ना?" तिने अगदी शेजारणीसारखं विचारलं.

वास्तुशांतीत वास्तूची छोटी प्रतिमा डबीत घालून घराच्या कोपऱ्यात पुरतात. फ्लॅटमध्ये माती कुठली, म्हणून एक फरशी उचलतात. मेहुणा खूश झाला.

"हो तर. थाटात केली. पाचशे पान उठलं."

"छान. गुरुजी कोण होते? आमच्याकडेही करायचीय."

मेहुण्याचा चेहरा पाटी पुसल्यासारखा झाला. "होते... गिरगावातले कोणीतरी."

"फरशी उकरायची का, मॅडम?" माझ्या हवालदाराने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "वास्तुपुरुष पंच म्हणून सही करायला येणार नाही."

खाली गाडीत बसल्यावर तिने मला सांगितलं, "काका, हा पाटावर बसलेला नाही. जो बसतो त्याचे होमाच्या धुराने तीन दिवस डोळे चुरचुरतात. दक्षिणेवरून घासाघीस तोच करतो. तो गुरुजींना सात जन्म विसरेल का? घर याचं, मग पाटावर कोण बसलं?"

तिथून आम्ही थेट लालबागला. कारण मला तेव्हा आठवलं की भाऊ चाळीतल्या सगळ्यांना जेवायला घालण्यात पटाईत होता. काकू डंकापाशीच होत्या. मुसळं धाडधाड आपटत होती, त्यात ओरडून बोलावं लागत होतं.

"काकू, भाऊच्या दादरच्या घराच्या वास्तुशांतीला गेला होतात?"

"गेलंय ना. श्रीखंड बरा होता. आमच्याच पैशाचा असतला, माका काय ठावक."

"पाटावर कोण बसलं होतं?"

"आणि कोण बसतलो? भाऊ नि तेची बायको. मेहुणो बाजूक हुभो ऱ्हवान समिधा देय होतो."

"जबाबात हे सांगितलं नाहीत?"

"तुम्ही इचारलास खंय?"

वकीलबाई हसली. मी मिरचीचं निमित्त करून शिंकलो.

पण काकूंचा शब्द पुरेसा नव्हता. ज्याचे पैसे अडकलेत, तो तर असंच सांगणार, हे समोरचे वकील एका वाक्यात म्हणाले असते. हवे होते गुरुजी. काकूंना एवढंच आठवत होतं, की त्यांचा आवाज लाउडस्पीकरला लाजवणारा होता. मी गिरगावात पूजेच्या सामानाच्या एका दुकानात ही खूण सांगितली, तर दुकानदाराने नुसतं बोट वर केलं. समोरच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी फोनवर मुहूर्त सांगत होतं, आणि तो अख्ख्या गल्लीला कळत होता.

वकीलबाईला घेऊन मी जिना चढलो. माझी वर्दी पाहताच गुरुजी म्हणाले, "स्कूटरचा दंड भरलाय मी."

"स्कूटरचं नाही. दादरची वास्तुशांत आठवते?"

गुरुजींना फार चांगली आठवत होती, कारण तिथे वाद झाला होता. संकल्पात यजमानाचं नाव आणि गोत्र मोठ्याने उच्चारायचं असतं. गुरुजींनी रीतीप्रमाणे विचारलं, घर कोणाच्या नावावर? मेहुणा सोवळं नेसून तयारच उभा होता.

"तर यजमान मला म्हणाले," गुरुजींनी आवाज खाली आणला, म्हणजे आता तो फक्त दोन मजल्यांना ऐकू जात होता, "गुरुजी, कागदावर तो आहे, तो कागदावरच राहू दे. पाटावर मी बसणार. त्याचं गोत्र उच्चारलंत तर वास्तू त्याला फळेल. मग मी एवढं कशाला केलं?"

मी भाऊला मनातल्या मनात सलाम केला. हा माणूस नोंदणी कार्यालयात खोटं बोलला, बँकेत बोलला, चाळीतल्या प्रत्येक म्हातारीच्या डोळ्यांत बघून बोलला. पण वास्तुपुरुषाशी खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही. माणूस कितीही खोटा असो, एक कोपरा तो खरा ठेवतो. तपास म्हणजे तो कोपरा शोधणं.

साक्षीचं नाव काढताच मात्र गुरुजींनी हात जोडले. "साहेब, यजमानाविरुद्ध साक्ष दिली तर मला सत्यनारायणालाही कोणी बोलावणार नाही."

मी कायदा सांगायला तोंड उघडलं, तर वकीलबाईने हाताने थांबवलं.

"गुरुजी, तुम्ही कोणाविरुद्ध काहीच बोलू नका. त्या दिवशी देवासमोर जे मोठ्याने म्हणालात, तेवढंच न्यायाधीशांसमोर म्हणा. ते खरं होतं ना?"

गुरुजींनी समोरचा तांब्या सरळ केला. "खरंच होतं," ते म्हणाले. "खोटा संकल्प मी आजवर सोडलेला नाही."

तोवर मालकाच्या मुलाने कॉफीवाल्याला गाळ्यात आणून मापं घ्यायला लावली होती. मालकाने काकूंना सांगितलं, सुनावणीच्या तारखेपर्यंत थांबतो, पुढे माझा इलाज नाही. काकू त्या तारखेला कोर्टात पहिल्या येऊन बसल्या, मांडीवर रिकामी पिशवी. रिकामी का, असं मी विचारलं. म्हणाल्या, कायतरी घेवनच जातलंय.

मेहुणा पिंजऱ्यात आला. वकीलबाईने घराचं, पैशांचं काहीच विचारलं नाही.

"तुमचं गोत्र कोणतं?"

ज्येष्ठ वकील उठले. "गोत्राचा मालकीशी काय संबंध?"

"पुढच्या दोन प्रश्नांत कळेल," ती म्हणाली. न्यायाधीशांनी परवानगी दिली. मेहुण्याने गोत्र सांगितलं.

"भावोजींचं गोत्र तेच का?"

"तेच कसं असेल? सगोत्र लग्न आमच्यात होत नाही."

"अर्थात. आता सांगा, वास्तुशांतीचा संकल्प कोणाच्या गोत्राने झाला?"

मेहुण्याने आधी छताकडे पाहिलं, मग आपल्या वकिलांकडे. त्या ज्येष्ठ वकिलांना मी तेव्हापासून मानतो. त्यांनी डोळ्याने नाही, भुवईने नाही, कशानेही खूण केली नाही. समोरचा कागद वाचत राहिले. अशिलाची बाजू मांडणं हे त्यांचं काम होतं. खोटं पढवणं नव्हतं, आणि ती रेघ त्यांनी ओलांडली नाही.

"आठवत नाही," मेहुणा म्हणाला.

मग गुरुजी. वकीलबाईने विचारलं, संकल्प काय केलात? गुरुजींनी डोळे मिटले आणि ब्रह्मदेवापासून सुरुवात केली. कल्प, मन्वंतर, युग, जंबुद्वीप, भरतखंड, करत करत दादरपर्यंत आले. टंकलेखकाने मन्वंतरातच हात टेकले होते. दाराशी उभा शिपाई हात जोडून होता, आणि बाहेर पुढच्या तारखेसाठी आलेली दोन-चार माणसं प्रसाद मिळेल म्हणून आत आली, असं मला आजही वाटतं. शेवटी गोत्र आलं आणि नाव आलं. दोन्ही भाऊची. मागोमाग पाटावरून झालेला वादही आला, शब्दाला शब्द.

ज्येष्ठ वकिलांचा युक्तिवाद दणकट होता. पूजा करणारा मालक ठरत असेल, तर उद्या देवळांचे सातबारा पुजाऱ्यांच्या नावावर करावे लागतील, असं ते म्हणाले. सगळं कोर्ट हसलं. काकूंनी पिशवी घट्ट धरली.

वकीलबाई उठली. "माझ्या विद्वान मित्रांशी मी पूर्ण सहमत आहे. पूजेने मालकी मिळत नाही. मी एवढंच म्हणते, की कागदावरचा मालक स्वतःच्या घराच्या पूजेत समिधा देत उभा होता. ज्याचा पगार घराच्या देखभालीलाही पुरत नाही, ज्याला उसने देणाऱ्यांना रक्कम आठवते पण दिवस आठवत नाही, ज्याला दिव्याचं बटण सापडत नाही. या घराबद्दल सगळीकडे एक गोष्ट सांगितली गेली आणि फक्त एकदा दुसरी. ती एकदाची गोष्ट सांगताना सांगणाऱ्याला फसवून काहीच मिळणार नव्हतं. कोणती खरी धरायची, ते न्यायालयाने ठरवावं." आणि बसली.

टाच कायम झाली. निकालपत्रात न्यायाधीशांनी आधी पैशांच्या वाटा तपासल्या, पगार तपासला, उसनवारीच्या साक्षींतल्या विसंगती दाखवल्या, आणि मग लिहिलं की वास्तुशांतीचा प्रसंग या सगळ्याला पुष्टी देतो. बाहेर आल्यावर ज्येष्ठ वकिलांनी वकीलबाईला गाठलं.

"बाई, जन्मभर कागद वाचत आलो. फरशी वाचायला कोणी शिकवलं नाही. चहा माझ्याकडून."

"साखर पुरेशी असेल तर घेते, सर," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

भाऊला बातमी मीच जाऊन दिली. त्या दिवशी त्याने समोरचा चहा तसाच ठेवला.

लिलावाला वेळ लागला. ठेवीदारांना रुपयाला रुपया मिळाला नाही. अशा केसमध्ये तो मिळतच नाही. पण निकालपत्राची प्रत पाहून मालकाने मुलाला गप्प केलं आणि लिलावापर्यंत थांबला. काकूंच्या वाट्याला आलं त्यात गाळ्याची रक्कम जेमतेम बसली. कमी पडलं ते मालकाने मसाल्यात वळतं करून घेतलं. मालकाच्या पुढच्या तीन पिढ्यांना तिखट फुकट.

भाऊला आत टाकलं तेव्हा मला वाटलं होतं, माझं काम संपलं. काकूंना तो आत असला काय नि बाहेर असला काय, डंक तर रस्त्यावरच आला असता. चोराला शिक्षा झाली की सरकारचं समाधान होतं. लुटलेल्या माणसाच्या हातात काही परत ठेवायचं, तर त्याला असे वकील लागतात, जे फरशीशी बसून विचार करतात.

गाळ्याच्या पूजेला काकूंनी आम्हा दोघांना बोलावलं. गुरुजी तेच, गिरगावचे. साक्षीनंतर त्यांची बोलावणी दुप्पट झाली होती. 'कोर्टात चाललेला संकल्प' म्हणून लोक त्यांना मुद्दाम बोलवायचे. काकूंचा पुतण्या बायकोला घेऊन आला होता. पाट मांडले, आणि गुरुजी म्हणाले, "पुतण्याला आणि सूनबाईंना बसवा. जोडपं लागतं."

पुतण्या पुढे झाला. काकू डंकाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हातातली हळद पदराला पुसली.

"गुरुजी," वकीलबाई त्याच हळू आवाजात म्हणाली, "गाळा पुतण्याच्या नावावर आहे का?"

"नाही. यांच्या."

"मग खोटा संकल्प सोडणार?"

गुरुजींनी दर्भ उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मग एक पाट बाजूला सारला आणि दुसऱ्याकडे हात केला.

"बसा, काकू. गोत्र?"

"माका ठावक नाय."

"ज्याला माहीत नसतं त्याचं काश्यप. नाव?"

काकूंनी नाव सांगितलं. गुरुजींनी ते अशा आवाजात उच्चारलं, की भायखळ्यापर्यंत गेलं असावं. मी शब्द दिलाय, म्हणून इथे लिहीत नाही. लालबागला मसाला आणायला गेलात, तर गाळ्याच्या पाटीवर वाचा.